33 वर्षांच्या सरकारी नोकरीनंतर निवृत्त होतोय, तयारी कुठून सुरू करू?

तुम्ही लिहिलंय की पाटबंधारे खात्यात 33 वर्षं झाली, सध्या कालवा निरीक्षक आहात, जन्मतारीख 1 जून आहे आणि दोन वर्षांच्या आत 31 मेला निवृत्ती आहे. तयारी कुठून सुरू करू, पैसे कुठे ठेवू आणि नंतर वेळ कसा जाईल, असे तीन प्रश्न तुम्ही विचारलेत. मी बांधकाम खात्यात आस्थापना शाखेत होतो. नोकरीचा शेवटचा मोठा काळ पेन्शनची प्रकरणं तयार करण्यात गेला आणि निवृत्तीनंतरही तालुक्यातल्या लोकांचे कागद बघून देतो. त्या अनुभवावरून सांगतो: गुंतवणुकीचा विचार सहा महिन्यांनी केलात तरी चालेल, पण सेवापुस्तक याच आठवड्यात उघडून बघा. तुमच्या पेन्शनचा रुपयान् रुपया त्या पुस्तकातल्या नोंदींवर ठरतो आणि फिल्डवरच्या बहुतेक माणसांनी ते पुस्तक नीट पाहिलेलंच नसतं. सकाळी चारीवर, दुपारी मोजणीला, संध्याकाळी शेतकऱ्यांच्या तक्रारी. कार्यालयात जाणं होतं ते मीटिंगपुरतं.

पेन्शनची तयारी निवृत्तीच्या दोन वर्षं आधी सुरू व्हावी आणि प्रकरण सहा महिने आधी महालेखापालांकडे (पेन्शनचे कागद तपासून मंजूर करणारं कार्यालय) पोचावं, असं महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 सांगतात. पुणे, नाशिक, कोकण या बाजूला असाल तर मुंबईचं कार्यालय, विदर्भ-मराठवाड्यात असाल तर नागपूरचं. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी शेवटच्या तीन-चार महिन्यांत पळापळ सुरू होते. तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. आपल्याकडे त्या काळी शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट 1 जून लिहिला. नियम असा की महिन्याच्या 1 तारखेला जन्मलेला माणूस आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे 31 मेला राज्यभर निवृत्तांची झुंबड असते आणि त्या मोसमात पडताळणीला गेलेली पुस्तकं ढिगात पडतात. तुमचं पुस्तक त्या ढिगाच्या आधी जाऊन परत आलेलं असायला हवं. (30 जूनला निवृत्त होणाऱ्यांना 1 जुलैची वेतनवाढ धरून पेन्शन मिळण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाच्या 2023 च्या निकालानंतर खुला झाला. 31 मेवाल्यांना तो लागू नाही, तेव्हा कोणी आशा दाखवली तर त्यात वेळ घालवू नका.)

आता पुस्तकात काय बघायचं ते सांगतो. पहिल्या पानावर जन्मतारीख अंकात आणि अक्षरात सारखी आहे का, खाडाखोड असेल तर तिथे अधिकाऱ्याची सही-शिक्का आहे का, हे आधी. मग दर वर्षाची सेवा पडताळणीची नोंद, म्हणजे अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतची सेवा वेतनपटावरून पडताळली आणि खाली कार्यालयप्रमुखाची सही. ज्यांची एका विभागातून दुसऱ्या विभागात बदली झाली आहे त्यांची हमखास एखाद-दोन वर्षं यात सुटलेली असतात. जुनी कार्यालयं बंद झाली, उपविभाग दुसरीकडे जोडले गेले, वेतनपट कुठल्यातरी गोदामात. म्हणून हे आत्ता शोधायचं. तिथे ओळखीचं कोणी नोकरीत असेपर्यंत काम सोपं असतं.

तुमच्या आणि आमच्या खात्यात बरेच जण आधी रोजंदारीवर लागले आणि कालेलकर करारानुसार (रोजंदारी मजुरांना कायम स्वरूपात घेण्याचा करार) रूपांतरित आस्थापनेवर आले. तुमचं तसं असेल तर त्या रूपांतराचा आदेश आणि नंतर नियमित पदावर घेतल्याचा आदेश, दोन्ही पुस्तकात चिकटवलेले आहेत का ते पाहा. संपातले दिवस, बिनपगारी रजा, निलंबन झालं असेल तर तो काळ कसा धरला त्याचा आदेश, हेही पाहा. नुसती गैरहजेरी लिहून पुढे काहीच निर्णय नाही, अशी नोंद सगळ्यात त्रासाची. हिंदी-मराठी भाषा परीक्षेतून सूट, एमएससीआयटी किंवा त्यातून सूट, स्थायित्वाचा आदेश, लागू असेल तर जात वैधता प्रमाणपत्र, आश्वासित प्रगती योजनेचा लाभ (बढती न मिळाल्यास ठराविक वर्षांनी मिळणारी वरची वेतनश्रेणी) कधी मिळाला तो आदेश. यातल्या गोष्टी तुम्ही वेळेत पूर्ण केल्या असतील, पण नोंद नसेल तर पडताळणीत आक्षेप निघतोच.

वेतन पडताळणी पथकाचे, म्हणजे पगार बरोबर ठरवलाय का ते तपासणाऱ्या सरकारी पथकाचे, शिक्के नीट बघा. पाचवा वेतन आयोग 1 जानेवारी 1996 पासून, सहावा 2006 पासून, सातवा 2016 पासून. प्रत्येक वेळच्या वेतननिश्चितीवर पथकाची पडताळणी झालेली हवी. सातव्याची राहिली असेल तर आस्थापना लिपिकाला विनंती करून पुस्तक आत्ताच पाठवायला लावा.

इथूनच अतिप्रदानाचा, म्हणजे चुकून जादा दिलेल्या पगाराचा, विषय निघतो आणि त्याची धास्ती फार असते. पथकाने सांगितलं की अमक्या साली एक वेतनवाढ चुकून जास्त दिली गेली, की कार्यालय निवृत्तीच्या तोंडावर लाख-दोन लाखांची वसुली काढतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह या प्रकरणात स्पष्ट केलंय की वर्ग 3 आणि 4 च्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्त झालेल्या किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून, आणि पाच वर्षांहून जास्त काळ जादा दिलं गेलं असेल तर अशी वसुली करू नये. अर्थात कर्मचाऱ्याने फसवणूक केली नसेल तरच. शिवाय वेतननिश्चितीच्या वेळी आपण जादा रक्कम परत करू असं वचनपत्र देतो, त्याचा आधार घेऊन कार्यालय वाद घालू शकतं. तरीही उपदानातून (ग्रॅच्युइटीतून) रक्कम कापण्याच्या संमतीपत्रावर न वाचता सही करू नका. आधी लेखी हरकत द्या, निकालाचा उल्लेख करा. पेन्शन अडकेल या भीतीने लोक सही करून मोकळे होतात, हे मी फार वेळा पाहिलंय आणि मला ते अजून सहन होत नाही.

आता सगळ्यात कळीचं. वहिनींचं नाव.

कुटुंबाच्या तपशिलाचा नमुना तुम्ही बहुधा लग्नानंतर लगेच भरला असेल. त्यात नाव काय आहे? माहेरचं, सासरचं, की घरात हाक मारायचं? आधारवर काय, पॅनवर काय, बँकेत काय? तुम्ही हयात असेपर्यंत हा फरक कोणाला दिसत नाही. तुमच्यानंतर कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे साधारणपणे शेवटच्या मूळ पगाराच्या 30 टक्के, त्यांना मिळायचं असतं आणि तेव्हा तो फरक दिसतो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक बाया याच कारणाने येतात. सेवापुस्तकात शांता, आधारवर शांताबाई, बँकेत माहेरचं शारदा. तिन्ही एकच बाई आहे हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात, तलाठ्याचा दाखला, आणि तोवर घरात पैसा नाही. नवरा असताना एका अर्जाचं काम होतं. तेव्हा सगळ्या कागदांवर एकच नाव करून घ्या, जन्मतारखेसकट. घरात अपंग मूल असेल तर त्याचीही नोंद आणि प्रमाणपत्र आत्ताच लावा, त्याला पुढे आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. पेन्शनचं खातं वहिनींसोबत संयुक्त ठेवा आणि एकदा त्यांना घेऊन बँकेत आणि कोषागारात जाऊन या. कोणत्या खिडकीवर जायचं हे त्यांना ठाऊक असायला हवं.

भविष्य निर्वाह निधीच्या दरवर्षीच्या चिठ्ठ्या जुळवून एखाद्या महिन्याची वर्गणी जमा व्हायची राहिली असेल तर तो महिना कळवा. शेवटच्या तीन महिन्यांत वर्गणी कापली जात नाही. अर्जित रजा जास्तीत जास्त 300 दिवसांपर्यंत रोखीत मिळते, तेव्हा रजेचा हिशेब एकदा तपासा. तुमच्या पदावर पाणीपट्टीची पावती पुस्तकं, मोजणी वह्या, सरकारी निवासस्थान असेल तर त्याचं भाडं आणि वीजबिल, हे सगळं पोच घेऊन परत करा. ना-देय दाखला (तुमच्याकडे काही येणं बाकी नाही असा दाखला) अडतो तो अशा एखाद्या जुन्या पावती पुस्तकापायी.

अंशराशीकरणाबद्दल, म्हणजे पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेण्याबद्दल, दोन्ही टोकाची मतं ऐकाल, म्हणून आकड्यांनीच सांगतो. शेवटचं मूळ वेतन 60,000 धरा, पेन्शन 30,000. त्यातली 40 टक्के, म्हणजे 12,000, विकता येते. 58 व्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला पुढच्या वाढदिवसाचं वय 59 धरून 8.371 हा गुणक लागतो. 12,000 गुणिले 12 गुणिले 8.371, म्हणजे 12,05,424 रुपये हातात येतात आणि त्यावर आयकर नाही. महिन्याची पेन्शन 18,000 राहते, पण महागाई वाढ पूर्ण 30,000 वरच मिळते. 15 वर्षांनी विकलेला भाग पुन्हा सुरू होतो. तोवर कापले जातात 21,60,000. माणूस मध्येच गेला तर पत्नीच्या कुटुंब निवृत्तिवेतनातून याची कपात होत नाही.

माझं मत असं: घराचं कर्ज डोक्यावर असेल, मुलीचं शिक्षण किंवा लग्न बाकी असेल, किंवा तब्येत साथ देत नसेल तर जरूर विका. यातलं काही नसेल, आणि मुलगा म्हणतोय म्हणून वरचा मजला चढवायला विकणार असाल, तर थांबा. पूर्ण 40 टक्केच विकायला हवं असंही नाही, कमी विकता येतं. निवृत्तीपासून वर्षभराच्या आत अर्ज केला तर वैद्यकीय तपासणी लागत नाही, त्यामुळे घाईने ठरवायची गरज नाही.

उपदानाची कमाल मर्यादा राज्यात 1 सप्टेंबर 2024 पासून 20 लाख झाली आहे. हा पैसा, रजेचे पैसे, निधी, गटविमा, सगळं थोड्याफार अंतराने खात्यात येईल आणि ते गावाला कळेल. विमा एजंट, पतसंस्थेतला ओळखीचा, प्लॉटवाला, लांबचा भाचा, सगळे येतील. पहिलं वर्षभर कोणालाही हो म्हणू नका. पोस्टातली किंवा बँकेतली ज्येष्ठ नागरिक बचत योजना तुमच्यासाठी सगळ्यात साधी. एरवी तिला वयाची साठ वर्षं लागतात, पण वयोमानाने निवृत्त झालेल्याला 55 नंतरही खातं उघडता येतं. अट अशी की निवृत्तीचे पैसे हातात पडल्यापासून तीन महिन्यांच्या आत. 2023 पासून कमाल रक्कम 30 लाख आहे, व्याज दर तिमाहीला. तुमच्या पैशाचा मोठा भाग तिथे आणि काही रक्कम लगेच काढता येईल अशी बँकेत, एवढं पुरेसं आहे. मुलांना द्यायचं असेल तर द्या, पण वहिनींच्या नावावर वेगळी ठेव टाकल्यानंतर.

आरोग्य विमा मात्र निवृत्तीची वाट न बघता घ्या. नोकरीत असताना मिळणारी वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती संपली की मग साखर, रक्तदाब यांचा खर्च खिशातूनच. आधीपासूनच्या आजारांसाठी विमा कंपनी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबवू शकते, 2024 पासूनचा नियम आहे. आत्ता पॉलिसी काढलीत तर त्यातली बरीचशी मुदत नोकरीतच संपेल. अर्जात आजार लपवू नका, दावा तिथेच नाकारला जातो.

वेळेचं म्हणाल, तर तुमच्यासारख्याला तो प्रश्न कार्यालयात बसणाऱ्यांइतका पडू नये. आवर्तन (कालव्याच्या पाण्याची पाळी) कधी सुटतं, कुठल्या चारीला पाणी पोचत नाही, कुठली फाटी गळते हे तुम्हाला जितकं माहीत आहे तितकं नव्या माणसाला माहीत नाही. पाणीवापर संस्था (कालव्याचं पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्था) गावोगाव कागदावर आहेत आणि त्यांना हिशेब, पाणी मागणी अर्ज, मोजणी समजणारा माणूस मिळत नाही. तुमच्या लाभक्षेत्रातल्या एखाद्या संस्थेशी आत्तापासून बोलून ठेवा, पण निवृत्तीनंतर निदान दोन-तीन महिने घरी राहा, झोप पूर्ण करा, वहिनींना हवं तिथे फिरून या. पहाटे पाणी सोडायला उठायची सवय लगेच जात नाही, त्याचा त्रास करून घेऊ नका.

तर आता कामाला लागा. कार्यालयप्रमुखांच्या नावे साधा अर्ज लिहा: सेवापुस्तक पाहण्याची परवानगी मिळावी आणि दुय्यम प्रत अद्ययावत करून मिळावी. अर्जाची पोच घ्या. पुस्तक हातात आल्यावर पानापानाचे फोटो काढा, घरी शांतपणे वर्षांची यादी करा आणि ज्या वर्षाची पडताळणी नाही त्यापुढे खूण करा. यादी तयार झाली की नाव-पत्ता न लिहिता इथेच टाका, कुठली नोंद कोणाकडून घ्यायची ते मी सांगतो.