"आई, शू झाली"

प्रश्न : माझा मुलगा दोन वर्षं दोन महिन्यांचा आहे. डायपर सुटावा म्हणून तीन आठवडे मी त्याला दर अर्ध्या तासाने पॉटीवर बसवतेय. तो बसतो, पुस्तक बघतो, पण करत काहीच नाही. उठून चड्डी घातली की पाच मिनिटांत ओली! मग स्वतःच येऊन सांगतो, "आई, शू झाली." घरातले म्हणतात, तू तर वर्षाची असताना सांगायचीस. काल मी त्याच्यावर ओरडले, तर तो रडत कोपऱ्यात जाऊन बसला. तो मुद्दाम करतो का? की मीच घाई केली?
– एक आई

उत्तर : मुद्दाम नाही करत तो. आणि "आई, शू झाली" ही तुमच्या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी आहे.

गेली सोळा वर्षं मी पाळणाघर चालवते. मुलं हे सांगायला एका क्रमाने शिकतात, असं मला दिसत आलंय. आधी "झाली", मग चालता चालता थबकून "होतेय", आणि शेवटी "येतेय". तुमचा मुलगा पहिल्या पायरीवर पोचलाय. पुढच्या दोन पायऱ्यांना कुणाला काही आठवडे लागतात, कुणाला काही महिने.

उठल्याबरोबर चड्डी ओली होते, त्याचंही कारण आहे. शू व्हायला खालचे स्नायू सैल सुटावे लागतात. आई समोर वाट बघत बसलीय म्हटल्यावर मूल अंग आवळून बसतं. चड्डी चढली, मन खेळात गेलं, की स्नायू सैल पडतात. आपल्याला तो हट्ट वाटतो, पण ठरवून सैल सोडणं त्याला अजून जमतच नाही.

वर्षाच्या मुलाबद्दल घरातले सांगतात ते खोटं नाही. पण तेव्हा वेळेकडे लक्ष मोठ्यांचं असायचं. उठल्यावर, खाल्ल्यावर धरून बसवायचं, तोंडाने "स्स्स" करायचं, त्या आवाजाची मुलाला सवय व्हायची. स्वतःला कळून, दम धरून, चालत जाऊन बसणं ही वेगळी गोष्ट आहे आणि ती पुष्कळ नंतर येते. टी. बेरी ब्रेझेल्टन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी 1962 मध्ये 1170 मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. मुलाच्या कलाने घेतलं तेव्हा दिवसाची सवय सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांना लागली होती. तुमचा मुलगा सव्वीस महिन्यांचा आहे. सरासरी म्हटल्यावर कितीतरी मुलं त्यानंतरचीही आलीच.

आता तयारी ओळखायची कशी? तारखेपेक्षा मुलाकडे बघा. दिवसा सलग दोन तास डायपर कोरडा राहतो का, दुपारच्या झोपेतून कोरडा उठतो का, ते आठवडाभर हात लावून बघा. राहत असेल तर मूत्राशय आता शू साठवून ठेवायला लागलंय. चड्डी स्वतः खाली ओढता येते का? "चड्डी आण आणि टोपलीत टाक" अशी दोन कामं एका दमात सांगितली तर करतो का? ओलं झाल्यावर अस्वस्थ होतो का?

पण माझा सगळ्यात भरवसा आहे तो लपण्यावर. माझी मुलगी शी आली की खेळ टाकून पडद्यामागे जायची. एक हात भिंतीला, चेहरा लालबुंद, नजर कुठेतरी लांब. "शी आली का?" विचारलं की "नाही!" त्या "नाही"कडे लक्ष द्यायचं नाही. पडद्यामागे जाणाऱ्या मुलाला आतून कळायला लागलेलं असतं.

तरीही मी चुकले, म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते. दुसरं बाळ यायचं होतं. त्याआधी हिचं सुटायला हवं म्हणून विसाव्या महिन्यातच मी मागे लागले. ती शी धरून ठेवायला लागली. टाचा उचलून, पाय आवळून, दार घट्ट धरून उभी राहायची. मला वाटायचं ती जोर लावतेय, प्रत्यक्षात ती थोपवत होती. थोपवली की शी कडक होते, दुखते, आणि दुखलं की मूल आणखी थोपवतं. डॉक्टरांच्या औषधाने पोट ताळ्यावर यायला दोन महिने गेले. अडीच वर्षांची झाल्यावर पुन्हा सुरुवात केली, तेव्हा दोन आठवडेही लागले नाहीत. तुमच्या मुलाची शी कडक होत असेल तर आधी त्यावर इलाज करा. पॉटीचं नंतर बघू.

तेव्हा चारेक आठवडे हे थांबवा. डायपर परत घाला, पण शिक्षा म्हणून नाही. पॉटी नजरेसमोर राहू दे, हवं तर कपड्यांसकट बसू दे. खाणं झाल्यावर आतडी आपसूक हलतात, म्हणून पुन्हा सुरू कराल तेव्हा जेवणानंतरची वेळ धरा. पाच मिनिटं पुरे, पाय मात्र जमिनीवर किंवा पाटावर टेकलेले हवेत, लोंबकळते नकोत. चड्डी इलॅस्टिकची, बटणं नकोत. "शू झाली" म्हणाला की "बरं झालं सांगितलंस" म्हणा आणि चड्डी बदला.

आणि कालचं त्याच्याशी बोला. "मी ओरडले, तुझी काही चूक नव्हती," एवढं सव्वीस महिन्यांच्या मुलाला नक्की कळतं.

प्रश्न : मुलगी चार वर्षांची आहे. दिवसा व्यवस्थित सांगते, पण रात्री गादी ओली करते. रात्री उठवून नेऊ का?

उत्तर : रात्रीचं शिकवून येत नाही. झोपेत शू कमी तयार व्हावी यासाठी शरीरात एक संप्रेरक वाढावं लागतं, आणि मूत्राशय भरल्याची खूण झोपलेल्या मेंदूला कळावी लागते. दोन्ही आपापल्या वेळेने होतं. पाच वर्षांच्या आत याला आजार मानत नाहीत. उठवून नेलंत तर त्या रात्रीची गादी वाचेल, सवय लागणार नाही. झोपण्याआधी एकदा शूला बसवा, गादीवर पाणी न झिरपणारी चादर घाला. पण सहा महिने कोरडी राहून पुन्हा सुरू झालं, फार तहान लागायला लागली, शू करताना जळजळ झाली, किंवा शीला खडा होत असेल, तर मात्र डॉक्टरांना लगेच दाखवा.