पडद्यामागचे प्रश्न: कैरोतला खून आणि २५ जानेवारी

प्रश्न: 'द नाईल हिल्टन इन्सिडन्ट' (२०१७) हा चित्रपट सत्यघटनेवर आहे म्हणतात. खरं किती? शिवाय संशयित कोण हे लवकर कळतं, मग पुढे रहस्य उरतं कुठे?

उत्तर: मूळ प्रकरण खरं, शहर आणि साल बदललेलं. लेबनीज गायिका सुझान तमीम हिचा जुलै २००८ मध्ये दुबईत खून झाला. इजिप्तचा बडा बिल्डर आणि सत्ताधारी पक्षाचा नेता हिशाम तलात मुस्तफा याने एका माजी पोलीस अधिकाऱ्याला सुपारी दिली होती. २००९ मध्ये दोघांना फाशी ठोठावली गेली. फेरसुनावणीत मुस्तफाची शिक्षा १५ वर्षांवर आली आणि २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या माफीने तो सुटलाही.

दिग्दर्शक तारिक सालेह यांनी हा खून जानेवारी २०११ च्या कैरोतल्या एका हॉटेलात आणला, आणि खरी गोम तिथेच आहे. २५ जानेवारी हा इजिप्तचा पोलीस दिन. १९५२ मध्ये इस्माइलियात ब्रिटिश फौजेशी लढताना मारल्या गेलेल्या पोलिसांची ती आठवण. २०११ मध्ये राष्ट्राध्यक्ष होस्नी मुबारक यांच्या राजवटीविरुद्ध उठलेल्या आंदोलकांनी मोर्च्यांसाठी नेमका तोच दिवस निवडला. म्हणून खुनी कोण हे शोधत बसू नका. तारखा आणि नोटा कुठे जातात ते पाहा. तपास अधिकारी नूरेद्दीन मृत बाईच्याच पर्समधले पैसे खिशात घालतो. गळा चिरलेला असूनही प्रकरण आत्महत्या म्हणून मिटवलं जातं. साक्षीदार सल्वा ही हॉटेलातली सुदानी मोलकरीण गप्प का, याचंही उत्तर इथेच मिळतं: १९८१ पासूनच्या आणीबाणी कायद्याने पोलीस कुणालाही आरोपाविना डांबू शकत होते. परक्या देशातून आलेल्या गरीब बाईने कुणाच्या भरवशावर चौकी गाठायची? (सल्वाचा धागा मुख्य कथेहून सरस वाटतो, आणि त्याला वेळ मात्र कमी मिळालाय.)

प्रश्न: चित्रीकरण कैरोतच झालं का?

उत्तर: नाही, मुख्यतः मोरोक्कोतल्या कासाब्लांकात. इजिप्तच्या सुरक्षा यंत्रणेने ऐनवेळी काम बंद पाडलं.

प्रश्न: याच दिग्दर्शकाचं पुढे काय पाहावं?

उत्तर: 'बॉय फ्रॉम हेवन' (२०२२). पोलिसांच्या जागी गुप्तहेर खातं, हॉटेलऐवजी अल-अझहर हे कैरोतलं इस्लामी विद्यापीठ. कान चित्रपट महोत्सवात पटकथेचं पारितोषिक मिळालं. नूरेद्दीन साकारणारे फारेस फारेस यातही आहेत, पण लगेच ओळखू येणार नाहीत.