पहिली हॉरर शॉर्टफिल्म करतोयस ना, मग गोष्ट निवडतानाच हे बघ

अरे सगळ्यात आधी अशी गोष्ट घे ज्यात भूत दाखवावंच लागत नाही. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सची १९०२ ची 'द मंकीज पॉ' बघ, इच्छा पुरी करणाऱ्या माकडाच्या पंजाकडे मेलेला मुलगा परत मागितलेला असतो, शेवटी दारावर नुसती थाप पडते, आई खुर्ची ओढून वरची कडी काढायला धडपडतेय, बाप अंधारात जमिनीवर तो पंजा चाचपडतोय आणि दार उघडतं तर रस्ता रिकामा. मेकअपचा खर्चच नाही!

आम्ही हाच सीन केला तेव्हा सगळा वेळ लाइटिंगमध्ये घालवला आणि थाप नेटवरनं उचलली, ती प्लायवूडवर टकटक केल्यासारखी वाटायची, सीन मेलाच. मग आजोळच्या सागवानी दारावर मूठ आपटून परत रेकॉर्ड केली, फोन दाराच्या आतल्या बाजूला धरून, कडीचा खुळखुळाट पण त्यात आला, आणि तेव्हा कुठे लोक दचकले. म्हणून पैसे आधी माइकवर घाल, कॅमेरा मोबाईलचा चालेल.

राक्षस दाखवायचाच असेल तर अमेरिकन भयकथालेखक लव्हक्राफ्टच्या 'द कॉल ऑफ थुलू' या कथेवरची २००५ ची फिल्म जरूर बघ. ४७ मिनिटांची, ब्लॅक अँड व्हाइट, मूकपट! जुन्या जमान्याचीच फिल्म वाटावी असं ठरवून केलीये, त्यामुळे स्टॉप-मोशनचा (बाहुली जराजरा हलवून एकेक फ्रेम घेतलेला) राक्षस खटकत नाही.

आणि हो, राइट्स. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो. जेकब्स १९४३ ला गेला, तो मोकळा आहे, पण नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरींची गोष्ट हवी असेल तर त्यांच्या घरच्यांची लेखी परवानगी आधी घे, शूटिंग नंतर.