वाचकांचे प्रश्न : झोप की गुंगी?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ व्यसनमुक्ती केंद्रात तीन महिने राहून नुकताच घरी परतला आहे. तेथे जाण्यापूर्वी एका रात्री तो मोठमोठ्याने घोरत होता. ‘किती दिवसांनी गाढ झोप लागली आहे, उठवू नका,’ असे आई म्हणाली. पहाटे त्याचे ओठ काळेनिळे दिसले तेव्हा आमची धावाधाव झाली आणि तो थोडक्यात वाचला. आता तो हेरॉइन घेत नाही, पण रात्री तो घोरू लागला की माझी झोप उडते. साधी झोप आणि ओव्हरडोस यांतला फरक आम्ही कसा ओळखावा?

उत्तर : आपल्या आईंना दोष देऊ नये. हा आवाज भल्याभल्यांना फसवतो आणि ओव्हरडोसमध्ये वेळ दवडला जातो तो बहुतेकदा याच गैरसमजामुळे. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढू लागला की मेंदूच्या तळाशी असलेले श्वसनकेंद्र ‘श्वास घे’ अशी आज्ञा देते. हेरॉइन, मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन यांसारखी अफूवर्गीय द्रव्ये नेमकी ही आज्ञाच मंदावतात, म्हणून गुदमरत असूनही माणूस धडपड करत नाही. त्यातच घशाचे स्नायू सैल पडून जीभ मागे जाते, आणि उरलेली थोडीशी हवा त्या चिंचोळ्या वाटेने जाताना जो आवाज करते तो आपल्याला घोरण्यासारखा वाटतो. पुढे त्याची घुरघुर होते, पाण्यात बुडबुडे यावेत तशी. एरवी न घोरणारा माणूस अचानक असा आवाज करू लागला तर त्याला झोपू देऊ नये, उठवून पाहावे.

उठवायचे तेही नीट. आधी मोठ्याने नावाने हाक मारावी, खांदा हलवावा, आणि तरीही हालचाल नसेल तर मूठ वळून बोटांच्या सांध्यांनी छातीच्या मधल्या हाडावर जोरात घासावे. झोपलेला माणूस यावर निदान चिडून हात तरी झटकतो. तो काहीच करत नसेल तर घड्याळाकडे पाहत छातीची हालचाल मोजावी. प्रौढ माणूस स्वस्थ असताना मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. एका श्वासानंतर दुसरा यायला सतत सहा सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल, तर आपण धोक्याच्या हद्दीत आहोत असे समजावे. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असणे ही मोठी खूण आहे, पण तिची वाट पाहू नये, कारण सोबत दुसरे काही घेतले असेल किंवा मेंदूला बराच वेळ प्राणवायू मिळाला नसेल तर बाहुल्या मोठ्याही असू शकतात. सावळ्या वर्णावर निळेपणा चटकन दिसत नाही. ओठांची आतली बाजू, हिरड्या आणि नखे पाहावीत, तेथे राखेसारखी छटा येते. हाक मारून उठत नाही आणि श्वास पुरेसा नाही, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की पुढचे पाऊल उचलावे, बाकीच्या खुणा जुळवत बसू नये.

हे पाऊल म्हणजे नॅलोक्सोन, अफूवर्गीय द्रव्यांवरचा उतारा. मेंदूतल्या ज्या जागी ही द्रव्ये चिकटतात तेथून ते त्यांना हुसकावते आणि स्वतः जागा अडवते. आधी रुग्णवाहिकेला फोन करावा आणि ‘माणूस बेशुद्ध आहे, श्वास घेत नाही’ असे स्पष्ट सांगावे. मग त्याला उताणे करून, मानेखाली हाताचा आधार देऊन डोके मागे झुकवावे, नाकातल्या फवाऱ्याचे टोक एका नाकपुडीत बोटे नाकाला टेकेपर्यंत घालावे आणि दांडा पूर्ण दाबावा. फवारा चालतो का हे पाहण्यासाठी आधी हवेत दाबून पाहू नये. त्यात एकच डोस असतो आणि तो वाया जातो. दोन-तीन मिनिटांत श्वास सुधारला नाही तर दुसरा फवारा दुसऱ्या नाकपुडीत द्यावा. या मधल्या काळात हातावर हात ठेवून बसू नये : नाक चिमटीत धरून, तोंडाने दर ५ ते ६ सेकंदांना एक श्वास द्यावा आणि प्रत्येक श्वासागणिक छाती वर येते का ते पाहावे. श्वास अजिबातच थांबला असेल तर फोनवरील कर्मचारी सांगेल त्याप्रमाणे छाती दाबायला सुरुवात करावी. थंड पाणी ओतणे, मिठाचे पाणी पाजून उलटी करवणे, कॉफी देणे किंवा दोघांनी धरून चालवणे यांनी काहीही साधत नाही, उलट बेशुद्ध माणसाच्या तोंडात घातलेले पाणी फुप्फुसात जाते.

श्वास परतला की त्याला कुशीवर वळवावे, म्हणजे उलटी झाली तरी ती घशात अडकत नाही. तो घामाघूम होऊन, चिडलेल्या अवस्थेत जागा होण्याची शक्यता असते. नशा एकदम उतरल्याने होणारा तो त्रास आहे, मनावर घेऊ नये. मात्र त्याला एकटे सोडू नये आणि पुन्हा काही घेऊ देऊ नये, कारण नॅलोक्सोनचा परिणाम ३० ते ९० मिनिटांत ओसरतो, तर मेथाडोनसारखी द्रव्ये त्याहून कितीतरी अधिक काळ शरीरात राहतात, आणि शुद्धीवर आलेला माणूस पुन्हा गुंगीत जाऊ शकतो. म्हणूनच तो ‘मी बरा आहे’ म्हणाला तरी रुग्णालयात न्यावेच लागते.

आपल्या भावाविषयी एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. व्यसन सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात. शरीराची सहनशक्ती या काळात उतरलेली असते, त्यामुळे पूर्वी सहज पचणारी मात्रा आता प्राणघातक ठरू शकते. त्याच्याशी हे मोकळेपणाने बोलावे, आणि चुकून पाय घसरलाच तर एकट्याने, दार लावून काही घेऊ नये, हेही सांगावे. असे सांगणे म्हणजे परवानगी देणे नव्हे.

प्रश्न : वडिलांना कर्करोगाच्या वेदनांसाठी मॉर्फिनच्या गोळ्या आणि फेंटॅनिलची चिकटपट्टी चालू आहे, रात्री झोपेची गोळीही असते. आम्हीही नॅलोक्सोन घरी ठेवावे का? ते कोठे मिळते?

उत्तर : ठेवण्याचा विचार जरूर करावा, पण उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलून. फेंटॅनिल मॉर्फिनपेक्षा ५० ते १०० पट तीव्र असते आणि त्यासोबत झोपेची गोळी किंवा मद्य असेल तर श्वासावरचे ओझे वाढते. पट्टी लावलेल्या जागी गरम पाण्याची पिशवी ठेवू नये. उष्णतेने औषध वेगाने आत शिरते. ओव्हरडोस झालाच तर पट्टी लगेच काढावी. मात्र नॅलोक्सोन दिल्यावर वडिलांच्या साऱ्या वेदना एका क्षणात परत येतील, म्हणून ते हाकेला उत्तर देत असतील आणि श्वास नीट चालू असेल तर केवळ पेंगतात म्हणून ते देऊ नये, डॉक्टरांना फोन करावा. आजार अखेरच्या टप्प्यात असेल तर श्वास मंदावणे निसर्गतःही होते, आणि तेव्हा काय करायचे हे आधीच ठरवून ठेवलेले बरे.

मिळण्याचे नियम देशागणिक वेगळे आहेत. अमेरिकेत नाकातला फवारा २०२३ पासून चिठ्ठीविना मिळतो. अनेक ठिकाणी चिठ्ठी लागते, तर काही ठिकाणी फक्त इंजेक्शन उपलब्ध असते, जे मांडीच्या स्नायूत देता येते, पण ते द्यायला आधी शिकून घ्यावे लागते. औषधविक्रेता, व्यसनमुक्ती केंद्र आणि वेदनाशामक उपचारांचा विभाग या तिन्ही ठिकाणी चौकशी करावी.

प्रश्न : घरात उतारा आहे म्हटल्यावर माणूस अधिकच बेफिकीर होणार नाही का? आणि चुकीच्या माणसाला दिला गेला तर?

उत्तर : ज्याने अफूवर्गीय काही घेतलेच नाही, त्याच्यावर नॅलोक्सोनचा जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. त्यामुळे शंका असल्यास द्यावे, हाच नियम. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते १९८३ पासून आहे, आणि ओव्हरडोसचा प्रसंग ज्यांच्यासमोर येऊ शकतो अशा सामान्य लोकांच्या हाती ते असावे, असे याच संघटनेने २०१४ मध्ये सांगितले आहे. बेफिकिरीचे म्हणाल तर त्याने नशा येत नाही, सवय लागत नाही, उलट व्यसनी माणसाला ते नकोसे वाटते. शिवाय बेशुद्ध पडलेला माणूस स्वतःच्या नाकात फवारा मारू शकत नाही. तेव्हा तो त्याच्या खिशात असून भागत नाही. कोणत्या खणात आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवे. खण कुलूपबंद नको, चुलीजवळचा किंवा उन्हातला नको, आणि वेष्टनावरची मुदत सहा महिन्यांनी एकदा पाहावी.