गाडी विकायला काढताना

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. तुझी १९५५ ची बीएसए बी ३१ ही ब्रिटिश मोटरसायकल विकण्याचे ठरले आहे, हे पत्रातून समजले. किंमत किती सांगावी, असे तू विचारतोस. पण त्याआधी तू आपल्या मेहनतीचा जो लांबलचक हिशेब मांडला आहेस, त्याबद्दल लिहिणे मला अधिक गरजेचे वाटते. टाकीचे क्रोम पुन्हा करून घेणे, चाकांचे स्पोक स्वतः भरणे, मॅग्नेटोचे (म्हणजे इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राचे) आर्मेचर, त्यातली फिरती तारेची गुंडाळी, नव्याने गुंडाळून घेणे हे सारे कौतुकाचे आहे. मात्र त्यात गेलेल्या रात्रींचे पैसे कोणी देत नाही, आणि ते मिळावेत असा हट्ट धरलास तर गाडी तुझ्याच दारात उभी राहील. पावत्या ग्राहकाला दाखवायला ठेव, पण त्यांची बेरीज म्हणजे किंमत असे धरू नकोस. जाहिरातींत लोक तोंडाला येईल तो आकडा मागतात. त्यापेक्षा अशाच अवस्थेतील बी ३१ लिलावात प्रत्यक्ष कितीला गेल्या ते पाहा.

जाणकार ग्राहक रंगाकडे पाहण्याआधी खाली वाकून नंबर वाचतो, आणि या गाडीच्या बाबतीत त्याला तसे कारणही आहे. बी ३१ आणि बीएसएचीच वेगवान, महागडी गोल्ड स्टार यांच्या फ्रेममध्ये इतके साम्य आहे की, गोल्ड स्टार १९६३ मध्ये बंद झाल्यावर तिची सोंगे घेतलेल्या कितीतरी बी ३१ बाजारात फिरू लागल्या. म्हणून इंजिनावरचा आणि फ्रेमवरचा नंबर नुसत्या कापडाने पुसून तिरप्या उजेडात त्यांचे फोटो काढ. त्या जागेवर पॉलिश किंवा कानस अजिबात फिरवू नकोस, कारण तेथील ओतकामाचा खडबडीतपणा गेलेला दिसला की नंबर नव्याने ठोकला असावा, अशी शंका येते. दोन नंबर एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून कोणी नाक मुरडले, तर गडबडू नकोस. त्या काळी बीएसए इंजिनाला आणि फ्रेमला स्वतंत्र क्रमांक देत असे. ते दोन्ही एकाच गाडीबरोबर कारखान्यातून बाहेर पडले का, एवढेच पाहायचे असते. कारखान्याच्या त्या नोंदी ब्रिटनच्या व्हिंटेज मोटर सायकल क्लबाने सांभाळल्या असून त्यांच्या आधारे तो दाखलाही देतो. दाखला हाती आल्यावरच जाहिरात दे.

जाहिरातीत ‘पूर्णपणे मूळ’ हे शब्द मात्र नकोत. मडगार्ड नव्या बनावटीचे आहेत, विद्युतव्यवस्था सहा व्होल्टवरून बारावर नेली आहे आणि टाकीला आतून लेप दिला आहे, हे तू आपणहून लिही. त्यातही लेपाची गोष्ट महत्त्वाची आहे, कारण इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुन्या प्रकारचा लेप सुटतो आणि त्याचे तुकडे कार्बोरेटरमध्ये जाऊन बसतात. नव्या मालकाला ते भर रस्त्यात कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळलेले बरे. (क्रँककेस, म्हणजे इंजिनाची खालची पेटी, तू आरशासारखी चमकवलीस, ते मला मुळीच आवडलेले नाही. कारखान्यातून ती तशी येत नसे, आणि जुन्या गाड्यांचा शौकीन ते पहिल्या नजरेत ओळखतो.)

ग्राहक येईल तेव्हा इंजिन थंड असू दे. आधीच तापवून ठेवलेले इंजिन हाताला लागले की समजणारा माणूस तिथेच सावध होतो. त्याच्यासमोर पेट्रोलचा कॉक उघड, कार्बोरेटरवरचे पेट्रोल भरण्याचे छोटे बटण (टिकलर) ओल येईपर्यंत दाब, इग्निशन थोडे मागे घे (म्हणजे ठिणगी जरा उशिरा पडेल असे कर), किक हळूच दाबून कॉम्प्रेशन कुठे लागते ते शोध, व्हॉल्व्ह लिफ्टर (व्हॉल्व्ह उचलून कॉम्प्रेशन सोडणारा लिव्हर) ओढून तेवढा टप्पा पार कर आणि मगच पूर्ण किक मार. इंजिन सुरू झाले की ऑइलच्या टाकीचे झाकण काढून परत येणारी धार दाखव. गाडी बरेच दिवस उभी असेल, तर टाकीतले तेल पंपातून झिरपून क्रँककेसमध्ये उतरते आणि सुरुवातीला भरपूर निळा धूर निघतो. असे होण्याची शक्यता असेल तर किक मारण्याआधीच ग्राहकाला सांग. धूर पाहिल्यावर दिलेले स्पष्टीकरण सबबीसारखे वाटते.

चालवून पाहायला देण्यापूर्वी पूर्ण रक्कम किंवा तिच्याएवढे तारण तुझ्या ताब्यात असावे आणि त्या माणसाचा परवाना तू पाहिलेला असावास. शिवाय या गाडीचा गिअर उजव्या पायाकडे आणि ब्रेक डाव्या पायाकडे आहे. आजच्या गाड्यांची सवय असलेला माणूस घाईच्या क्षणी ब्रेक समजून गिअर दाबतो. म्हणून आधी त्याला मोकळ्या जागेत दोन-चार फेऱ्या मारू दे, रहदारीत नंतर.

काढून ठेवलेले जुने भाग, मग ते गंजलेले का असेनात, खोक्यात भरून गाडीसोबतच दे. मूळ मडगार्ड पुढे कोणीतरी दुरुस्त करू शकेल. व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचे पाने स्वतःकडे ठेवण्याचा मोह होईल, पण आजच्या मेट्रिक पान्यांनी त्या नटांचे कोपरे झिजतात, तेव्हा तेही देऊन टाक. पिस्टन कितव्या ओव्हरसाइजचा (मूळपेक्षा किती वाढीव मापाचा) आहे, कोणते बेअरिंग कधी बदलले, वायरिंग कसे फिरवले आहे, हे एका वहीत लिही. मालकीची कागदपत्रे रीतसर नव्या नावावर होईपर्यंत विमा बंद करू नकोस.

दाखला आला की त्याची प्रत आणि जाहिरातीचा मसुदा मला पाठव. मी वाचून दुरुस्त्या कळवतो.

कळावे.