टिनाच्या छपराखालच्या खोलीतला गेमिंग पीसी शांत कसा ठेवावा? : वाचकांचे प्रश्न, सदराची उत्तरं

मार्च लागला की विदर्भातल्या वाचकांची एक तक्रार हमखास येते : पीसी चालतो, पण पंख्यांचा आवाज फार होतो. या अंकात गेमिंग पीसीचा एसएमपीएस (लाईनमधली वीज पीसीला लागते तशी करून देणारा डबा) आणि कूलिंग यांवरचे निवडक प्रश्न घेतले आहेत. पहिलं उत्तर पूर्ण वाचा. पुढच्या बऱ्याच उत्तरांचा पाया त्यात आहे.

प्रश्न : रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसरसोबत आलेला कूलर आणि समोरून काच असलेलं कॅबिनेट. हिवाळ्यात काही तक्रार नव्हती. एप्रिलपासून गेम सुरू केला की पाच मिनिटांत पंखे घोंघावतात, प्रोसेसर ८८ अंशांवर जातो. खोलीवर टिना आहेत. पंखे कोणते घ्यावेत? — एक वाचक, समुद्रपूर, जि. वर्धा

उत्तर : पंख्यांवर पैसे घालण्याआधी एक हिशेब पाहा. पंखा हवा थंड करत नाही, खोलीतलीच हवा आत फिरवतो. प्रोसेसर खोलीपेक्षा जितके अंश जास्त तापतो, तो फरक ऋतू बदलला तरी जवळपास तेवढाच राहतो. डिसेंबरात खोली २४ आणि प्रोसेसर ६८ असेल, तर फरक ४४ चा. मे महिन्यात टिनाखाली खोली ४४ वर गेली की तोच प्रोसेसर ८८ दाखवणार. रायझन ५ ५६०० ची मर्यादा ९० अंशांची आहे, म्हणून तिच्या जवळ पोचताच मदरबोर्ड पंखे पूर्ण वेगानं सोडतो. तुमचं मशीन बिघडलेलं नाही. पुण्याच्या खोलीत त्याला जी मोकळीक मिळते ती इथं मिळत नाही, एवढंच.

म्हणून आपल्याकडे सुरुवात उष्णता कमी करण्यापासून करावी. याला एक रुपयाही लागत नाही. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट लागतात. एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट (कार्डानं किती वीज घ्यायची ती मर्यादा) ८० टक्क्यांवर आणा. कार्ड ९२ वॅटवर येतं आणि फ्रेम्स थोड्याच उतरतात, कारण वेगाच्या शेवटच्या टप्प्यासाठीच चिप सगळ्यात जास्त व्होल्टेज मागते. मग एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये ‘मॅक्स फ्रेम रेट’ लावा. मॉनिटर ७५ हर्ट्झचा असेल तर ७२ पुरे. जास्तीच्या फ्रेम्स पडद्यावर दिसत नाहीत, त्यांची उष्णता मात्र खोलीत येतेच. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) पीबीओ, म्हणजे प्रोसेसरला नेहमीपेक्षा जास्त वीज घेऊ देणारी सोय, चालू असेल तर बंद करा, आणि वीज कमी करणाऱ्या इको मोडचा पर्याय असेल तर तो वापरून पाहा.

यानंतर कूलर. प्रोसेसरसोबत आलेला कूलर म्हणजे ॲल्युमिनियमचा बुटका ठोकळा. त्याला थोड्या जागेतून पुष्कळ हवा ढकलावी लागते, म्हणून तो ओरडतो. १२० मिमी पंख्याचा एक टॉवर कूलर लावा. डीपकूल एजी४०० ची उंची १५० मिमी, एके४०० ची १५५ मिमी. आधी कॅबिनेटच्या माहितीत कूलरसाठी किती उंची दिली आहे ते पाहा, नाहीतर बाजूची काच बसणार नाही. जुना कूलर काढताना दोन ठिकाणी घोळ होतो. पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरमधला उष्णता वाहून नेणारा लेप) वाळून चिकटलेली असली की कूलर ओढताना प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम करा, मशीन बंद करून प्लग काढा, मग कूलर डावी-उजवीकडे हलका फिरवून सोडवा. दुसरं म्हणजे चार स्क्रू निघाले की बोर्डामागची धातूची प्लेट सुटून पडते. नव्या कूलरला बहुतेक वेळा तीच लागते, तेव्हा ती हातानं धरून ठेवा. जुनी पेस्ट पुसून नवी तुरीच्या दाण्याएवढी मधोमध ठेवली की झालं.

आता पंखे. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज सुमारे १५ डेसिबलनं उतरतो. तसाच दुसरा पंखा जोडला तर फक्त ३ डेसिबलनं वाढतो. म्हणजे मिनिटाला १६०० फेऱ्यांच्या एका पंख्यापेक्षा ८०० फेऱ्यांचे दोन पंखे साधारण तेवढीच हवा देऊन कितीतरी शांत राहतात. चार पिनांचे, पीडब्ल्यूएमवर चालणारे (म्हणजे मदरबोर्डला वेग कमी-जास्त करता येणारे) १२० मिमीचे दोन पंखे समोरून हवा आत घेणारे आणि एक मागून बाहेर टाकणारा, एवढं तुमच्या मशीनला पुरतं. ब्रँडचा विचार त्यानंतर.

तुमच्या कॅबिनेटची काच हा मात्र खरा संशयित आहे. समोरचं पॅनेल काढून पंधरा मिनिटं तोच गेम चालवा. तापमान पाच अंश किंवा जास्त उतरलं तर महागडे पंखे घेऊनही उपयोग नाही. ते बंद काचेमागून हवा ओढतच बसतील. तेव्हा जाळीचं कॅबिनेट घेणं हाच शहाणपणाचा खर्च.

शेवटी बायोसमध्ये पंख्यांचा वेग ठरवा : ६० अंशांपर्यंत ४० टक्के, ७५ ला ६० टक्के, ८५ ला पूर्ण. ‘स्टेप अप’चा वेळ वाढवून ठेवा, म्हणजे क्षणभर तापमान चढलं की पंखा लगेच उसळणार नाही. एकसारखा हलका आवाज कान विसरतो, चढउतार विसरत नाही. उन्हाळ्याची आणि हिवाळ्याची अशी दोन प्रोफाइल बायोसमध्ये साठवून ठेवता येतात.

प्रश्न : आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज १७० पर्यंत उतरतं, मध्यरात्रीनंतर २५५ च्या पुढं जातं. दुकानदार म्हणतात, लाईनचा भरवसा नाही, ८५० वॅटचाच एसएमपीएस घ्या आणि सोबत स्टॅबिलायझर लावा. मशीन वरच्याच जातीचं आहे. आवाज कमी हवा. — एक वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : वॅटचा आकडा वाढवून लाईनचं दुखणं बरं होत नाही. हिशेब करा : कार्ड ११५, प्रोसेसर ८० च्या आसपास, बोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे मिळून ५० धरले तरी २५० वॅटच्या आत. ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस निम्म्या भारावर चालतो. पुढं मोठं कार्ड घ्यायचा विचार असेल तर ६५०.

आवाज ठरतो तो आतल्या उष्णतेवर. ८० प्लस गोल्ड (हा कार्यक्षमतेचा दर्जा) एसएमपीएस निम्म्या भारावर ९० टक्क्यांच्या आसपास कार्यक्षम असतो. २५० वॅट देताना तो लाईनमधून २७८ घेतो, आत २८ वॅट उष्णता उरते. ७५ टक्क्यांचा स्वस्त एसएमपीएस त्याच कामाला ३३३ वॅट घेतो आणि ८३ वॅट पोटात ठेवतो. त्याच्या पंख्याला तिप्पट उष्णता बाहेर काढायची असते. तो शांत कसा राहील?

खोक्यावरचं लेबल वाचा. इनपुट १००–२४० व्होल्ट असं लिहिलेलं हवं. असे एसएमपीएस प्रत्यक्षात बहुधा ९० ते २६४ पर्यंत सांभाळतात, म्हणजे तुमचे १७० व्होल्ट त्यांना चालतात. लाईनमधून प्रवाह तेवढा जास्त ओढला जातो, थोडी उष्णता वाढते. लेबलवर २००–२४० असेल तर तो तुमच्यासाठी नाही. मागे लाल रंगाचं ११५/२३० चं बटण असलेला जुना माल तर घेऊच नका; कोणी चुकून ११५ वर सरकवलं की चालू करताच एसएमपीएस जळतो. पूर्ण क्षमता किती तापमानाला मोजली आहे तेही पाहा. ४० अंशांपेक्षा ५० अंशांचा दावा आपल्या कामाचा. आतले कपॅसिटर १०५ अंशांचे असावेत. तापमान १० अंशांनी वाढलं की अशा कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा ठोकताळा मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे फार महत्त्वाचा आहे.

त्याच कारणानं एक सल्ला वेगळा देतो. बऱ्याच गोल्ड एसएमपीएसमध्ये कमी भारावर पंखा पूर्ण बंद ठेवायची सोय असते. तिचं बटण मागे असेल तर मार्च ते जून ही सोय बंदच ठेवा. पंखा थांबला की उष्णता आत साचते, मग तो एकदम सुरू होतो, परत थांबतो. सावकाश सतत फिरणारा पंखा कानालाही बरा आणि कपॅसिटरलाही. हिवाळ्यात ती सोय खुशाल वापरा.

राहिला स्टॅबिलायझर. रिलेचा स्टॅबिलायझर रात्रभर टकटक करतो, आणि १७० व्होल्ट चालवून घेणाऱ्या एसएमपीएसला त्याची गरज नाही. तुमचा खरा धोका वरच्या बाजूला आहे. डीपीजवळ न्यूट्रल तुटला तर घरात ४०० च्या जवळ व्होल्टेज येऊ शकतं, ते कोणताही एसएमपीएस सोसत नाही. घराच्या मेन स्विचबोर्डात बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर (व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की लाईन तोडणारा) वायरमनकडून बसवून घ्या, वरची मर्यादा २७० च्या आसपास ठेवा. तो घरातला टीव्ही आणि फ्रीजही वाचवतो. मध्यरात्री २५५ च्या वर व्होल्टेज रोज जात असेल तर महावितरणकडे लेखी तक्रार कराच; डीपीचं टॅप बदलून ते खाली आणता येतं.

आणि एक : सुटणाऱ्या वायरींचा एसएमपीएस बदलताना जुन्या वायरी नव्याला लावू नका. कनेक्टर बसतो, पण आतल्या पिनांचा क्रम कंपनीगणिक वेगळा असतो आणि एसएसडी किंवा बोर्ड जळतो.

प्रश्न : लाईट गेली की इन्व्हर्टरवर एसएमपीएस गुणगुणतो, कधी पीसी रिस्टार्ट होतो. एसएमपीएस खराब आहे का? — एक वाचक, मूर्तिजापूर, जि. अकोला

उत्तर : बहुतेक नाही. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरचा करंट चौकोनी येतो, त्यामुळे एसएमपीएसमधली कॉइल आणि फिल्टर गुणगुणतात. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर हा आवाज जातो. रिस्टार्टचं कारण बदलीचा, म्हणजे लाईनवरून बॅटरीवर जायला इन्व्हर्टरला लागणारा वेळ. एसएमपीएस पूर्ण भारावर साधारण १६-१७ मिलिसेकंदच तग धरतो, भार कमी असेल तर थोडा जास्त. इन्व्हर्टरच्या मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर ठेवा, बदली लवकर होते. पण त्या मोडमध्ये लाईन १८० च्या खाली गेली की बरेच इन्व्हर्टर लगेच बॅटरीवर जातात, म्हणजे संध्याकाळी लाईट असूनही बॅटरी उतरते. अशा वेळी पीसीला वेगळा छोटा यूपीएस द्या. गेम बंद करून मशीन नीट शटडाउन करायला तो पुरतो. त्यावर खेळत बसू नका.

प्रश्न : कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात आणि हेडफोनमध्ये घूं असा आवाज. पंखे तर शांत आहेत. — एक वाचक, सिंदेवाही, जि. चंद्रपूर

उत्तर : घरात अर्थिंग नाही किंवा ते कोरडं पडलं आहे. एसएमपीएसच्या फिल्टरमधले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थ मिळाला नाही की पत्र्यावर निम्मं, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्टेज तरंगतं. प्रवाह अगदी थोडा असतो, म्हणून नुसत्या झिणझिण्या. जोराचा झटका बसला तर मात्र प्लग काढा, तो वेगळा बिघाड आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या पाइपापासून सुटते आणि अर्थ कमजोर होतो. खड्ड्यात उन्हाळाभर अधूनमधून पाणी सोडा. अर्थिंगच नसेल तर अडीच-तीन मीटर पाइप पुरून, कोळसा-मीठ भरून वायरमनकडून करून घ्या. मीटरवर फेज आणि अर्थमध्ये जवळपास फेज-न्यूट्रलएवढंच व्होल्टेज यायला हवं. प्लगमधली अर्थची पिन न्यूट्रलला जोडून देणारे भेटतात. ते जिवावर बेतू शकतं, कधीही करू देऊ नका.

प्रश्न : पीसी पाण्याच्या कूलरसमोर ठेवला तर चालेल का? शिवाय घर जिनिंगजवळ आहे, जाळ्या रुईनं भरतात. — एक वाचक, दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : कूलरनं खोली थंड करा, त्याची धार पीसीवर घेऊ नका. दमट हवेनं बिघडत नाही, कारण मशीन हवेपेक्षा गरम असतं, त्यावर दव धरत नाही. बिघडतं ते उडणाऱ्या बारीक थेंबांनी. तुमचा भाग खारपाणपट्ट्यात येतो; बोअरचं पाणी कूलरमध्ये असेल तर थेंब वाळून पांढरं मीठ बोर्डावर बसतं आणि पिना गंजतात. पीसी धारेपासून बाजूला, टेबलावर ठेवा आणि समोरची खिडकी उघडी असू द्या. मे महिन्यात खोली दहा अंश उतरली तर पंखे आपोआप मंदावतात.

रुईसाठी आत हवा घेणाऱ्या पंख्यांवर नायलॉनची बारीक जाळी लावा आणि आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा जास्त ठेवा, म्हणजे फटींतून धूळ ओढली जात नाही. वेचणी सुरू झाल्यापासून जाळी दर आठवड्याला झटका. सोयाबीनच्या मळणीत थ्रेशर जवळ चालत असेल तर रोज. आतली सफाई मऊ ब्रश आणि हाताच्या ब्लोअरनं, पंख्याचं पातं बोटानं धरून. मोकळं सोडलं तर ते नको तेवढं फिरून बेअरिंग जातं. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरनं उडवू नका, त्याच्या टाकीत पाणी साचलेलं असतं. मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या जागेवर ठेवा. त्या फटीतून पाल आत शिरते आणि शॉर्ट होतो.

प्रश्न : गेमच्या मेनूत गेलं की कार्डातून बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. लिक्विड कूलिंगनं जाईल का? — एक वाचक, मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर : नाही. तो पंख्याचा नाही, कार्डावरच्या कॉइलच्या कंपनाचा आवाज आहे. मेनूत चित्र सोपं असतं, कार्ड सेकंदाला शेकडो फ्रेम्स काढतं आणि कॉइल वाजते. फ्रेमची मर्यादा लावली की बहुतेक वेळा तो तिथंच थांबतो. कार्डाला यानं धोका नाही. लिक्विड कूलिंगची तुमच्या मशीनला गरजही नाही : त्याचा रेडिएटरही खोलीच्याच हवेवर थंड होतो, वर पंपाची घरघर वेगळी, आणि पंप गेला तर तालुक्याला सुटा पंप मिळत नाही, अख्खा संच बदलावा लागतो. टॉवर कूलरचा पंखा गेला तर कुठलाही १२० मिमीचा पंखा लावून मशीन त्याच दिवशी सुरू होतं.