बाळ, तलाव आणि मोरीतली बादली

प्रश्न : मुलगा ७ महिन्यांचा आहे. तान्ही बाळं पाण्याखाली मजेत पोहतात असे व्हिडिओ सारखे दिसतात. सोसायटीच्या तलावात त्याला शिकवायला सुरुवात करू का? (एक आई, पुणे)

उत्तर : तलावात जरूर न्या, पण खेळायला. शिकवायची घाई नको. तान्ह्या बाळाचा चेहरा पाण्यात गेला की श्वास आपोआप रोखला जातो आणि हातपाय हलू लागतात. ही उपजत प्रतिक्षिप्त क्रिया आहे आणि साधारण सहाव्या महिन्यानंतर ती ओसरू लागते. पोहण्यातलं खरं कसब म्हणजे तोंड वर काढून श्वास घेणं. ते त्या बाळाला येत नसतं, आणि व्हिडिओ नेमका त्याआधीच संपतो.

अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना पूर्वी ४ वर्षांआधी शिकवणी नकोच म्हणायची. २०१० मध्ये तिने भूमिका सैल केली आणि २०१९ मध्ये पहिल्या वाढदिवसानंतर बहुतेक मुलांना शिकवायला हरकत नाही असं सांगितलं. वर्षाच्या आतल्या वर्गांमुळे बुडण्याचा धोका कमी होतो, याला मात्र पुरावा नाही.

पाणी किती गार आहे ते आधी बघा. अगदी लहान बाळांसाठी ते ३२ अंशांच्या आसपास हवं. आपल्याकडचे बहुतेक सोसायट्यांचे तलाव उघडे, न तापवलेले. थंडीत तिथे बाळाला नेऊच नका. पहिल्या दिवशी १० मिनिटं पुरे. कुडकुडायला लागलं की बाहेर, कोरडं करून कपडे, मग दूध.

प्रश्न : आम्ही कमरेला पांगाऱ्याचा बिंडा, म्हणजे तरंगणारं हलकं लाकूड, बांधून विहिरीत शिकलो. नातू ३ वर्षांचा आहे, त्याला पैसे भरून क्लासला घालायचं सुनेच्या मनात आहे. एवढं कशाला? (एक आजोबा, सांगली जिल्हा)

उत्तर : आजोबा, बिंड्यावर शिकलेली माणसं पाण्यात उत्तम टिकतात, याबद्दल वाद नाही. पण तुम्हाला विहिरीत सोडलं तेव्हा तुमचं वय काय होतं ते आठवून बघा. बहुतेकांचं उत्तर सात-आठ किंवा पुढे असं येतं. तीन वर्षांच्या पोराचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. कमरेला तरंगणारं काही बांधलं तर कंबर वर आणि तोंड पाण्यात अशी गत होते. शिवाय विहिरीला उथळ कड नसते. नातू मोठा झाला की विहीर तुमचीच! तोवर सुनेचं ऐका. आणि ढकलून देण्याचा प्रकार कुठल्याच वयात नको; त्यातून शिकलेल्यांच्या गोष्टी सांगितल्या जातात, भीती बसून आयुष्यभर पाण्याकडे न फिरकलेल्यांच्या कुणी सांगत नाही.

प्रश्न : मुलगी २ वर्षांची. क्लासचे पंधरा दिवस झाले, हात मारणं काही जमत नाही. नुसते बुडबुडे काढतात आणि गाणी म्हणतात. पैसे वाया जाताहेत का? (एक बाबा, ठाणे)

उत्तर : नाही, क्लास बरा दिसतो. या वयात हात मारणं हा विषयच नाही. बुडबुडे काढताना मूल तोंड पाण्याशी असताना श्वास बाहेर सोडायला शिकतं, आणि पुढचं सगळं पोहणं त्यावर उभं राहतं. मी क्लास बघायला गेले तर तीन गोष्टी शोधते. एक, मूल काठावर बसून थांबतं का, आणि 'ये' म्हटल्यावरच उतरतं का. न विचारता पाण्यात न जाण्याची सवय कुठल्याही स्ट्रोकपेक्षा मोलाची आहे. दोन, पाण्यात पडल्यावर वळून काठ पकडता येतो का. आधी हात, मग कोपर, मग पोट, मग गुडघा अशा क्रमाने ते स्वतः बाहेर चढायला शिकतं. सुरुवातीला पोटावर पालीसारखं चिकटून राहतं आणि हसत सुटतं. तीन, आई किंवा बाबा पाण्यात सोबत आहेत का. शिक्षक एक आणि पोरं आठ, पालक बाहेर मोबाइलवर, असं असेल तर नाव काढून घ्या. मूल रडत असताना डोकं दाबून पाण्याखाली नेणारा शिक्षक दिसला तर त्याच दिवशी काढा. बळजबरीने घोट गेले की पोट फुगतं. लहान मुलाच्या पोटात पाणी फार गेलं तर रक्तातलं सोडियम घसरून झटकेही येऊ शकतात.

प्रश्न : कानात तेल घालून न्यावं का? लसीकरण पूर्ण व्हायच्या आत नेलं तर चालतं का? (नाशिक)

उत्तर : तेल नको. बाहेर आल्यावर मान दोन्ही बाजूंना कलती करा, कानाचा बाहेरचा भाग मऊ फडक्याने टिपा, काडी आत घालू नका. लसीसाठी थांबायची गरज नाही. जुलाब होत असतील तर मात्र नेऊ नका, आणि थांबल्यावरही काही दिवस जाऊ द्या. पोहण्याचा डायपर शी अडवतो, जंतू नाही, आणि जुलाबाचे काही जंतू क्लोरीनलाही दाद देत नाहीत.

प्रश्न : गळ्यात घालायची हवेची रिंग ऑनलाइन मिळते. मुलगा तिच्यात छान तरंगतो. वापरू ना? (नागपूर)

उत्तर : नको. २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या रिंगांबद्दल इशारा दिला. तिथे एका बाळाचा मृत्यूही नोंदला गेला होता. हवा कमी झाली की हनुवटी खाली सरकते आणि आवाजही होत नाही. दंडाच्या फुग्यांनाही खेळणंच समजा.

प्रश्न : शिकवणी पूर्ण झाली की निर्धास्त राहता येईल का? आणि पाणी गिळलं तर उलटं धरायचं का? (एक आई, कोल्हापूर)

उत्तर : दोन्हींना नाही. २००९ च्या एका अमेरिकन अभ्यासात १ ते ४ वर्षांच्या, रीतसर शिकलेल्या मुलांत बुडण्याचा धोका ८८ टक्के कमी दिसला होता. पण त्यात मुलं थोडी होती, म्हणून मी त्या आकड्यावर फार भार देत नाही. पाण्यात मूल तुमच्या हाताच्या अंतरावर हवं, शिकलेलं असो की नसो. आणि तलावाइतकंच घर बघा. रांगतं मूल मोरीतल्या अर्ध्या भरलेल्या बादलीत डोकावतं आणि तोल जाऊन डोक्यावर पडतं. त्याला पुन्हा वर येता येत नाही. आंघोळ झाली की बादली उपडी, टाकीवर झाकण, शेततळ्याला कुंपण.

उलटं धरू नका, पोटही दाबू नका. त्यात वेळ जातो आणि उलटी श्वासनलिकेत जाते. मूल खोकत असेल तर खोकू द्या. श्वास घेत नसेल तर तोंडाने श्वास द्यायला लागा, सोबत छातीवर दाब, आणि कुणाला तरी १०८ लावायला सांगा. शुद्धीवर आलं तरी दवाखान्यात न्याच. घरी आल्यावर खोकला थांबेना, दम लागतोय, मूल विचित्र सुस्त झालंय असं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका.